देठाकडची चकती

गोवर्धनच्या जिभेची चव गेली मानमोडीच्या तापात. त्याच तापात त्याची बायको शालूही गेली, पण गोवर्धन बोलायचा ते जिभेबद्दलच. बायकोसाठी हा माणूस रडला नाही, असं अमरावतीच्या माळीपुऱ्यात सगळे म्हणत. जिभेसाठीही तो रडला नव्हता, हे कोणी ध्यानात घेतलं नाही.

जीभ लागायची ती दुधीसाठी. दुधीचा वेल कडू निघाला तर वरून काही दिसत नाही. कोवळं फळ तोडून देठाकडची चकती चाखावी लागते. गोड वेलाला चिंधी बांधायची आणि त्याचंच फळ बियाण्याला राखायचं. गोवर्धन चकती कापायचा, शालू विहिरीजवळच्या दगडावर बसून चाखायची. आता शेवटचे चार वेल उरले होते, महिन्याभरात वाळणार होते आणि चिंधी एकालाही नव्हती. चुकीचा वेल राखला की पुढच्या साली वाडीभर कडू दुधी. मागच्या बाजारी त्याने स्वतः चाखून विकलेला एक दुधी एका वकिलाच्या स्वयंपाकिणीने परत आणून त्याच्या पाटीत ओतला होता. ओतला, कारण भाजी झालेली होती.

मी चाखते, असं थोरली बहीण बेबीताई दोनदा म्हणाली. त्या दगडावर मीच बसणार, असं गोवर्धन दोनदा म्हणाला.

उपाय सुचवला शेजारच्या जानराव फुलवाल्याने. अकोल्यात स्टेशनाजवळ सूर्यभान नावाच्या माणसाने हॉटेल काढलं होतं. तो लष्करात आचारी म्हणून बसऱ्याला जाऊन आला होता आणि माणसं काय काय खातात ते पाहून त्याच्या मनावर परिणाम झाला होता. जानराव तिथे एकदा जेवला आणि अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर मान काढून ओकत राहिला. ती चव आठ दिवस जिभेवरून हलली नाही, हे तो अभिमानाने सांगे. याने जीभ जागी झाली नाही तर कशानेच होणार नाही, असं त्याचं मत पडलं.

गोवर्धन बडनेऱ्याला गाडीत बसला.

सूर्यभानच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं: मिठात भाजलेले टोळ, लाल मुंग्यांची चटणी, घोरपड, साळिंदर, उंट. उंट अजून मिळाला नव्हता. आशा सोडायची नाही म्हणून लिहून ठेवला होता. खरा धंदा चहाचा होता. एकजण टोळ मागवी आणि कापसाच्या जिनातली पंधरा माणसं चहा घेऊन त्याचं तोंड पाहत बसत. ताटाकडे कोणी बघत नसे.

गोवर्धनने सगळं मागवलं. टोळाच्या तंगड्या त्याने शेंगा सोलाव्यात तशा बाजूला काढल्या आणि बाकीचा खाल्ला. मुंग्यांची चटणी भाकरीला लावली. घोरपड संपवली. साळिंदर संपवलं. मग उंटाची चौकशी केली. त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. पंधरा माणसं आधी वाकून पाहत राहिली, मग त्यांना कंटाळा आला, मग चहा अर्धा टाकून एकेक उठून गेली.

सूर्यभान खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत समोर येऊन बसला. "भाऊ, थोडंसं तरी तोंड वाकडं कराव. धंदा बसून राह्यला माहा."

जमत नाही, असं गोवर्धनने सांगितलं, आणि दुधीचंही सगळं सांगितलं. सूर्यभानने ऐकून घेतलं.

"मंग पयले दुधी कडू हाय का गोड, हे तुमाले समजे कसं?"

"शालूचा डावा डोळा मिटे."

"आन् तुमी?"

"मी तिचा डोळा पाहो."

सूर्यभान उरलेल्या तंगड्या एका जागी गोळा करत राहिला. "म्हन्जे चाखलं तुमी कधीच नाई," तो म्हणाला. "मंग टोळ काय करन तुमच्या जिभेले?"

गोवर्धन संध्याकाळच्या गाडीने परत निघाला. जानरावसारखं खिडकीबाहेर राहावं लागतं का ते त्याने वाट पाहून बघितलं. लागलं नाही.

सकाळी त्याने चार वेलांचे चार दुधी तोडले आणि बेबीताईला विहिरीवर बोलावलं. दगडाकडे हात केला. ती आधी पदराने दगड पुसायला लागली, तेव्हा तो राहू दे म्हणाला. मग ती बसली.

त्याने चकती कापून दिली आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. पहिल्याला काही झालं नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला बेबीताईचा उजवा डोळा घट्ट मिटला.

"उजवा," गोवर्धन म्हणाला.

"काय उजवा?"

"कडू हाय का?"

"जहर हाय, बाप्पा."

तिने चूळ भरली. गोवर्धनने चौथा वेल मुळासकट उपटला आणि उरलेल्या तिन्ही वेलांना चिंध्या बांधल्या. चिंध्या शालूच्या लुगड्याच्या होत्या, कारण घरात फाडण्याजोगं लुगडं तेवढंच होतं.

मग चौथ्या दुधीची एक चकती कापून त्याने स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश चावली, गिळली. काही नव्हतं.

समोर त्याच्याकडे पाहणाऱ्या बेबीताईचा उजवा डोळा पुन्हा मिटला.