महाराणीला शेंग धरली

उद्यानात गरम खोली एकच, आणि डोळा दोघांचा. तिथे ताईच्या 'महाराणी' जातीच्या दोन वेली होत्या, आणि त्याच उद्यानात प्राणी सांभाळणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला ती खोली आपल्या माकडांसाठी हवी होती.

"तुझी महाराणी नुसती लाडावलीय," तो चिडवायचा. "माझी वीतभर माकडं बघ, कशी कुडकुडतात!"

"त्यांच्या पाटीवर काय लिहिलंय? संकटग्रस्त. माझ्या वेलीच्या? अतिसंकटग्रस्त! जगात या दोनच उरल्यात. चल, कामाला लाग."

पण संचालकबाईंनी ताईची बोलतीच बंद केली. "धोका वेलीला जास्त, मान्य. पण बीच धरत नसेल, तर तिच्यापायी माकडांना का गारठवायचं? या बहरात शेंग दिसली तर खोली तुमची, नाहीतर त्याची."

कुंचल्याने एकीचे पराग दुसरीला लावून लावून ताईने हात टेकले होते. फुलं आपली गळतच होती. तिचा जीव टांगणीला लागला.

त्यात हे चिरंजीव पिंजऱ्यांसाठी खोलीचं माप घ्यायला हजर! खांद्यावर बाटलीच्या दुधावर वाढवलेलं लाडकं माकड, लांब मिशांचा मिशाळ, कारण त्याच्याशिवाय याचं पान हलत नसे. हा टेप धरून वाकला आणि मिशाळने थेट वेलीवर उडी ठोकली. फुलात मानेपर्यंत तोंड खुपसून मध चाटला, की दुसऱ्या वेलीवर. मिशा पिवळ्याधमक!

"अरे, धर त्या मेल्याला!" ताई किंचाळली. नंतर गळालेल्या पाकळ्या गोळा करताना तिला रडूच फुटलं. भावाशी तिने बोलणं टाकलं.

आणि एका सकाळी पाणी घालताना तिचा हात थांबला. मिशाळने तोंड घातलेल्या फुलांच्या देठांशी हिरव्या, इवल्याशा शेंगा लागल्या होत्या. कुंचला पोचत नव्हता, तिथे मिशा पोचल्या होत्या!

चिखलाच्या बुटांनिशी ती उद्यानभर ओरडत सुटली. "धरली! महाराणीला शेंग धरली!" माळी धावले, तिकीटवाली धावली. संचालकबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

"खोली तुमची," त्या म्हणाल्या.

भाऊ कोपऱ्यात उभा होता. हरला होता, तरी हसत होता. "म्हणजे मी मामा झालो तर!"

"खोली माझीच ना?" ताईने बाईंना पुन्हा विचारलं, आणि आपल्या कुंड्या भराभर एका बाजूला सरकवायला लागली. "मग बघतोस काय, गाढवा? पिंजरे आण सगळे. जावयाला कोणी थंडीत ठेवतं का!"