पूरचौकीचा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. तुमच्या घरातल्यासारखा नाही बरं का! मला नंबर फिरवायची चकतीच नव्हती. माझी तार एकाच ठिकाणी जायची, नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या देशातल्या धरणावर.

माझा जन्म एका करारातून झाला. एका वर्षी त्या धरणाची दारं न सांगता उघडली आणि आमच्या काठचं अख्खं गाव वाहून गेलं. मग दोन्ही देशांची माणसं एका टेबलाशी बसली, वर्षभर भांडली आणि शेवटी सह्या झाल्या. मला बसवायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी नदीकाठच्या पूरचौकीत भोंगा सांभाळणाऱ्या बाईंना समजावलं, "करार म्हणजे दोन देशांनी एकमेकांना दिलेला शब्द. फार जुनी रीत आहे ही. पूर्वी राजे देवाची शपथ घ्यायचे, अटी दगडावर कोरायचे, पोटची मुलंसुद्धा ओलीस ठेवायचे. आता कागदाच्या दोन प्रती काढतात, एक त्यांची, एक आपली. त्यातलं सातवं कलम तुमचं. दारं उघडण्याआधी सहा तास त्यांनी फोन करायचा, तुम्ही भोंगा वाजवायचा."

बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे भांड्याला भांडं लागलं तरी शब्द मोडायचा नाही, असंच ना?"

"अगदी तसंच!"

रोज सकाळी दहाला मी वाजायचो. "लाइन चालू आहे," एवढंच बोलायची परवानगी होती. पण पलीकडचा ऑपरेटर आमच्या भाषेत मोडकंतोडकं बोलत हळूच विचारायचा, "ताई, गुडघा कसा आहे?"

"कुरकुरतोय मेला!" बाई म्हणायच्या.

एकोणीस वर्षांत तीनदा खरा निरोप आला. तिन्ही वेळा लोक गुरंढोरं घेऊन वर चढले, एक कोंबडीसुद्धा बुडाली नाही. बायका येऊन माझ्यावरची धूळ पदराने पुसायच्या. मी कसला फुगायचो, म्हणून सांगू!

मग दोन्ही देशांचं बिनसलं. कशावरून, ते मला आजही धड ठाऊक नाही. एके दिवशी मोठे साहेब आले. "करार स्थगित! त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. तार काढा."

"साहेब, माझा धाकटा भाऊ नदीच्या पात्रात टरबुजं लावतो. निरोप आला तर?"

"शत्रू कशाला निरोप देतोय?"

बाईंनी स्वतःच्या हाताने माझी तार काढली आणि मला कपाटात ठेवलं.

बावीस दिवसांनी डोंगरात अवकाळी पाऊस झाला. धरणाची दारं उघडली आणि भर दुपारी पाणी आलं. भोंगा वाजला तो किंकाळ्या ऐकू आल्यावर. बाईंचा भाऊ तीन दिवसांनी काटेरी झुडपात अडकलेला सापडला. त्याची बायको येऊन एकच विचारायची, "वन्सं, त्यांनी कळवलं कसं नाही हो?" बाईही पलीकडच्याला शिव्याशाप देत राहिल्या.

काही महिन्यांनी तिसऱ्याच देशातून फिरत फिरत एक पत्र आलं. बाईंनी ते कपाटापाशी उभं राहून वाचलं. "ताई, मला मनाई होती. तरी त्या दिवशी मी सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. माझी नोकरी गेली, त्याचं काही नाही. पण तुम्ही उचलला का नाही?"

बाईंनी ते पत्र घडी करून माझ्याखाली सरकवलं. भावजयीला ते पत्र दाखवायचं धाडस त्यांना अजून झालेलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलाच कुणी साहेब होईल, कुणी मंत्री. खुशाल भांडा. पण ज्या तारेवर कुणाचा जीव टांगलेला आहे, ती रागाच्या भरात काढू नका. मी त्या दिवशी वाजायला तयार होतो हो! मला कुणी वाजू दिलं नाही.