कमलाक्षीच्या अंगठ्यावरची रेघ

मुलांनो, आपापल्या उजव्या अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरा. आता कल्पना करा, की त्यावर मुळापासून टोकापर्यंत एक काळी रेघ आहे, पट्टी धरून ओढावी तशी सरळ. घासली तरी जात नाही. दुखतही नाही. तुम्ही काय कराल?

गोव्यातल्या मये गावच्या क्षमाच्या आईने, कमलाक्षीने, काहीच केलं नाही.

काजूच्या दिवसांत त्या गावात सगळ्यांचेच हात काळे असतात. भाजलेली बी दगडाने फोडताना सालीतलं तेल बोटांना लागतं आणि कातडी काळी पडते. त्यामुळे मार्चमध्ये रेघ दिसली तेव्हा सगळे म्हणाले, "काजूचा डाग." क्षमाही तेच म्हणाली. एप्रिलमध्ये तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर दगड बसला. नखाच्या मधोमध रक्त साकळून काळा ठिपका झाला.

आता नीट लक्ष द्या. नख मुळाकडून वाढतं आणि जुन्या नखाला पुढे ढकलतं. क्षमाचा ठिपकाही असाच पुढे सरकत गेला. चतुर्थीला बारा दिवस असताना तिने टोकाला पोचलेला शेवटचा काळा तुकडा कापला आणि सहज आईच्या अंगठ्याकडे पाहिलं.

रेघ मुळाशी होती तिथेच होती. उलट रुंद झाली होती. नखाच्या बुडाशी कातडीवरही काळसर पसरलं होतं. आणि आई त्यावर लाल नेलपॉलिश लावत होती.

"आई, हा काजूचा डाग नाही."

"मग काय, कोळसा आहे? हात सोड, पॉलिश पसरेल."

"डॉक्टरांना दाखव."

बाबा, म्हणजे धाकू, अंगणात नारळ सोलत होते. ते हसले. "नखासाठी डॉक्टर! उद्या केस पिकले म्हणून नेशील तिला."

क्षमाचे कान तापले. "तुमच्या ट्रकचं इंजिन जरा कुरकुरलं तरी गॅरेजला धावता! आणि आईच्या वेळी हसता?"

"तोंड सांभाळ गो!" धाकू ओरडले.

तिने कापलेला तुकडा त्यांच्या तळहातावर आपटला. "हा माझा डाग. एप्रिलचा. बाहेर पडला. आईचा तर मार्चचा. तो का नाही गेला? सांगा ना!"

धाकूंनी तुकड्याकडे पाहिलं. मग बायकोचा अंगठा उजेडात धरला. हसू कधीच गेलं होतं. "पुस ते पॉलिश," ते म्हणाले.

शुक्रवारी म्हापशाला त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून अंगठा पाहिला. मग हातापायांची बाकी नखंही पाहिली. कुठली औषधं चालू आहेत का, मार लागला होता का, ते विचारलं. "सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर अशा रेघा असतात, त्या बहुतेक निरुपद्रवी," त्या म्हणाल्या. "औषधांनी येतात, बुरशीने येतात, माराने येतात. पण ही एकाच नखावर आहे, रुंद होतेय आणि कातडीवर उतरलीय. अशी रेघ सोडून देता येत नाही. क्वचित तो कर्करोग असतो. बोट बधिर करून मुळाशी छोटा तुकडा काढायचा आणि तपासायचा. सोमवारी याल?"

कमलाक्षीने हात पदराखाली घेतला. "चतुर्थी होऊ दे. घरात पंचवीस माणसं येणार. अंगठा बांधून नेवऱ्या कोण मुरडणार?" नेवऱ्या म्हणजे करंज्या, मुलांनो.

"इतके महिने काजू, आणि आता नेवऱ्या!" क्षमा रडत ओरडली. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. धाकू तिला गप्प करायला उठले, पण दार लावून परत बसले.

"नेवऱ्या मी मुरडीन," क्षमा म्हणाली. "फुटल्या तर फुटक्या खा सगळ्यांनी."

मग तिने पदराखालून आईचा हात ओढून काढला, डॉक्टरांच्या टेबलावर पालथा ठेवला, आणि सोमवारची वेळ कागदावर लिहून होईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला.