निळं गेलं का?

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात आता मांजर विते. हसू नका. याच पोटात एके काळी साऱ्या घराचा काळा पाव फुगायचा, आणि पाठीवर, छताखालच्या माझ्या सपाट माथ्यावर, पोरंबाळं, म्हातारेकोतारे उबेला झोपायचे.

मला बांधून घेतलं ते थोरल्या मालकीणबाई आग्रिपिना साव्वेश्ना यांनी. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून. "अरे, भट्टी बांधतोयस की डुकराचं खुराडं? पाड ती ओळ!" गवंडी मनातल्या मनात शिव्या देत ओळ पाडायचा आणि पुन्हा लावायचा. म्हणून मी अजून उभी आहे.

आमच्याकडे नव्या भट्टीत नवी आग पेटवत नाहीत. घरातल्या बाईने माहेरच्या भट्टीतला निखारा आणायचा असतो. घर राखणारा अदृश्य आत्मा त्याच्यासोबत येतो म्हणतात. बाईंनी तो मडक्यात घालून, मांडीवर धरून, बर्फातून घसरगाडीने आणला. झग्याला भोक पडलं, पण निखारा विझू दिला नाही. अशा हातांनी मी पेटले.

त्यांचा एकच कडक नियम होता. लाकडं जळून निखारे झाले की धुराड्याचं लोखंडी झाकण लावायचं, म्हणजे ऊब घरात राहते. पण निखाऱ्यांवर निळ्या जिभा नाचत असतील तोवर झाकणाला हात लावायचा नाही. तेव्हा झाकलं तर जी हवा सुटते तिला ना रंग, ना वास. माणूस झोपल्या जागी संपतो. बाई रोज स्वतः वाकून माझ्या तोंडात बघायच्या, कंबर धरली तरी. "निळं गेलं का? मग झाका." ईस्टरच्या आधी मला चुना लागायचा. पाहुणे म्हणायचे, काय राणीसारखी भट्टी आहे!

बाई गेल्या आणि घर मुलाच्या हाती आलं. हा येव्लाम्पी आईचं दुःख करायला म्हणून माझ्या पाठीवर चढला, तो पुन्हा उतरलाच नाही. जेवण वर, चहा वर, पिणं वर. माशाचे काटे माझ्या मागे फेकायचा, खारवलेल्या काकडीचं पाणी माझ्या अंगावर सांडायचा. पाय कधी धुतले असतील देव जाणे. मी भाजलेली वीट, तरी मला मळमळायचं. खाली त्याची बायको ग्लाफिरा थुंकी लावून पत्ते पिसायची. माझ्या कुशीला भेग पडली, तर तिने तिच्यावर कुठल्याशा सेनापतीचं चित्र चिकटवलं. मूठभर ओली माती थापायला वेळ नव्हता; दिवसभर जांभया द्यायला होता.

त्या घाणीत एकच माणूस निपजलं. त्यांची मुलगी कापितोलिना, घरची कापा. आजीसारखी वाकून माझ्या तोंडात बघायची ती एवढीच.

त्या हिवाळ्यात तिला बघायला इन्नोकेंती झोसिमिच आला. सरकारी कारकून, वयाने येव्लाम्पीच्या जोडीचा, रंगवलेल्या मिशा, दोन बायका पुरून झालेला. भाजलेल्या डुकरावर तुटून पडला आणि ढेकर देऊन म्हणाला, "घर जरा गारच आहे हो तुमचं."

"कापा, झाकण लाव," ग्लाफिरा म्हणाली.

"आई, अजून निळं आहे."

"निळं अन् पिवळं! म्हातारी मेली, तिचं खूळ काही मेलं नाही. सगळी ऊब काय कावळ्यांना वाटायची?"

"थोडं थांब ना."

"मुलगी उलटून बोलते वाटतं," पाहुणा मिशा पुसत म्हणाला.

झालं. ग्लाफिरा स्वतः स्टुलावर चढली आणि झाकण खटकन लावलं. "आता उघडलंस तर थोबाड फोडीन."

मग सगळे झोपले. दुपारचं जेवण झालं की आमची मोठी माणसं अशी झोपतात, जणू दिवसभर नांगर धरला होता. मला ओरडता येत नव्हतं. जे धुराड्यातून वर जायचं, ते माझ्या तोंडातून आणि त्या सेनापतीच्या कडेकडेने खोलीत पसरत होतं. कापा धाकाने झाकणाला हात न लावता बसली होती. तिची कानशिलं ठणकू लागली. तेवढ्यात मांजर दाराकडे निघाली आणि चालता चालता कलंडली.

कापा उठली, तर गुडघे वाकले. ती रांगत गेली. दार ढकललं. भिंत धरून स्टुलावर चढली आणि उघड्या हाताने झाकण ओढलं. तळव्याची कातडी माझ्या लोखंडाला चिकटली. आईला काखेत धरून, पाहुण्याला बुटांना धरून तिने बर्फात ओढलं, आणि अशा हवेवर उतारा म्हणून, आमच्या रीतीप्रमाणे, दोघांच्या कानांत गोठलेली आंबट बोरं कोंबली.

ग्लाफिराने डोळे उघडले, ओकली, आणि पहिलं वाक्य बोलली, "दार कुणी उघडं टाकलं? सगळी ऊब गेली!"

पाहुणा कानांत बोरं घेऊन बर्फात बसला होता, मिशांचा रंग हनुवटीवर उतरलेला. म्हणाला, "डुक्कर शिळं होतं."

"बाबा! बाबा, उतरा!" कापा आत माझ्यापाशी ओरडत होती. वर हात पुरवून ओढत होती. ते धूड हलेना.

"झोपू दे त्यांना," आई बाहेरून म्हणाली. "भूक लागली की उठतील."

मला ठाऊक होतं. विषारी हवा आधी छताशी साठली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं पोट माझ्या पाठीवर गुरगुरत नव्हतं. संध्याकाळी माशाचं सूप आलं आणि त्याने मागितलं नाही, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं.

"या भट्टीनं खाल्लं माझ्या नवऱ्याला!" ग्लाफिराने ऊर बडवला. पाद्रीबाबांनी माझ्यावर पाणी शिंपडलं, स्वतःच्या घशात दारू ओतली. झाकणाचं नाव कुणी काढलं नाही. आणि इन्नोकेंती झोसिमिच पुन्हा आला, या वेळी विधवेला मागणी घालायला. तिने हो म्हटलं. शोभतात एकमेकांना.

त्याच दिवशी कापा आजीचं मडकं घेऊन माझ्यापुढे बसली. हाताला चिंधी बांधलेली.

"कुठं निघालीस गं, भवाने?" आई म्हणाली.

"शहरात, आत्याकडे."

"आणि ते मडकं?"

"माझं आहे."

तिने वाकून आत बघितलं. निळं गेलं होतं. एक निखारा उचलला, मांडीवर घेतला आणि गेली. आई आणि नवा नवरा पुढच्या खोलीत राहायला गेले. मला पुन्हा कुणी पेटवलं नाही.

मित्रांनो, उबेला बसता ना? मग ऊब कुठून येते ते आधी वाकून बघा. भेगेला माती लावा, चित्र चिकटवू नका. एवढंही होत नसेल तर खुशाल थंडीत कुडकुडा, पण मला दोष देऊ नका. आता माझ्याकडे येते ती फक्त मांजर, तीच, त्या दिवशी कलंडलेली. आत शिरण्याआधी ती दरवेळी थांबते, वाकते आणि नीट बघते.