नेलपॉलिशचा ठिपका

सकाळी दहाला वीज गेली आणि दोनच मिनिटांत इन्व्हर्टरनेही मान टाकली. तिच्या तान्ह्या लेकीचं ऑक्सिजनचं यंत्र थांबलं. तिने धावत जाऊन जादाचा सिलिंडर उघडला, नळी बदलली आणि चिमुकले ओठ पुन्हा गुलाबी होईपर्यंत स्वतःचाच श्वास रोखून धरला. वीज परतल्यावर लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि इन्व्हर्टर उचलून थेट दादाचं वर्कशॉप गाठलं.

हा फेरोरेझोनंट, म्हणजे व्होल्टेज एकसारखं ठेवणारा, इन्व्हर्टर दोघा बहीणभावांनीच सुधारला होता आणि तसेच डबे बनवून ते विकायचे. जुना डबा काही जोडलेलं नसतानाही तव्यासारखा तापायचा, वीज फुकट जळायची. तिने ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातली फट नव्याने बेतली, कपॅसिटर बदलला. सगळी भिस्त त्या कपॅसिटरवर. तो थकला की व्होल्टेज कोसळलंच. म्हणून एकेक कपॅसिटर ती आठ तास चालवून बघायची आणि टिकलेल्यावर, गरम असतानाच, नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. बाईसाहेबांनी कपॅसिटरचं ब्यूटी पार्लर काढलंय, असं दादा चिडवायचा.

तिने डबा उघडला. कपॅसिटर टम्म फुगलेला, त्यावर लाल ठिपका. तिने बोट फिरवलं. गरम पत्र्यावर लावलं की नेलपॉलिशला बारीक फोड येतात. हा ठिपका काचेसारखा गुळगुळीत होता.

दादाने आधी माल देणाऱ्यावर ढकललं. तिने ठिपका त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो खुर्चीत बसला.

"ऑर्डर अडली होती गं. तू लेकीला घेऊन हॉस्पिटलात. आठ-आठ तास कोण बसणार? बाटली तुझ्याच खणात होती."

"आणि माझ्या घरचा?"

"सगळे एकाच फळीवर होते. तुझ्याकडे कुठला गेला, मी बघितलंच नाही."

जाणूनबुजून दिला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं. ती टेबलाला टेकली.

असे किती डबे गेले, तिने विचारलं. अकरा, तो म्हणाला. सगळे आजारी माणसांच्या घरी. हळूहळू बदलून देऊ, कुणाला कळणारही नाही, असंही त्याने घाईघाईने जोडलं.

तिने भिंतीवरची गिऱ्हाइकांच्या पत्त्या-नंबरांची यादी काढून घेतली.

"वर्कशॉप बंद पडेल," दादा म्हणाला. "आईला काय सांगशील?"

"खूण माझी होती, दादा."

तिने पहिला नंबर लावला. एका बाईने फोन उचलला. तिच्या आवाजामागे एक यंत्र संथ घुरघुरत होतं.