विहिरीतलं कुंकू

नाचणगावच्या आमच्या विहिरीवर पोळ्याआधीच पोळा भरला होता. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी बादलीतून लाल पाणी वर आलं! बाया हात जोडून उभ्या, माणसं चिखलात लोटांगणं घालतायत आणि ओट्यावर तानबा भगत घुमतोय.

"आईनं कुंकू सांडलं रे! पेजा, भरून नेजा! खरूज जाईल, ताप जाईल!"

"अन् बैलाचं लंगडणं?" आमच्या रूपराव गुरुजींनी विचारलं.

"त्याले दोन गिलास!"

गुरुजी एकटेच हसले.

मी मात्र पहिल्याच बादलीला ओळखलं होतं. तो रंग माझ्या नखांत होता.

माझी आई, सुलोचनाबाई, कापड रंगवते. पोळा आला की गावभरच्या बैलांच्या झुली आमच्याकडे येतात. उरलेलं रंगाचं पाणी परसातल्या खड्ड्यातच ओतायचं हा आईचा नियम, आणि ते काम माझं. आदल्या दिवशी शाळेत माझं भाषण होतं, उशीर झालेला. तीन घंगाळं दारापुढच्या नालीत रिकामी केली आणि पळाले. भाषणाला पहिला नंबर आला. विषय होता ग्रामसफाई!

नाली उताराने विहिरीपाशी जाते. तिथला ओटा फुटलेला. बाकीचं पावसानं केलं.

सांगायचं ओठांवर आलं होतं. पण कालच तर अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या होत्या! दोन दिवस मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीताबाईंचा पाच वर्षांचा नत्थू जुलाबांनी गळून गेला. त्या त्याला तेच पाणी पाजत होत्या. "आईचं कुंकू हाय बाबू, पे." नालीत काय नुसता माझा रंगच होता? गोठ्यांचं शेण, मोऱ्यांची घाण, सगळंच त्यात होतं.

मी वाटी हिसकावली, धावत गुरुजींना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी छकडा जुंपायला लावून नत्थूला सीताबाईंसोबत पुलगावच्या डॉक्टरकडे धाडलं. मग म्हणाले, "आता विहिरीवर चाल. नुसतं सांगू नको, दाखव."

विहिरीवर मी तोंड उघडताच तानबा गरजला, "पोरीनं आईच्या मधात बोलू नाई!"

"काका, कुंकू सांडणारी आई तुरीची फोलपटं सांडते काय, पाहू!"

आमच्या दारापुढच्या नालीत मी टोपलीभर फोलपटं टाकली, वर बादल्या ओतल्या. लोक विहिरीत वाकले. जरा वेळानं ओट्याच्या भेगेतून फोलपटं टपाटप पडू लागली.

"आईची लीला..." तानबा पुटपुटला.

"आईनं डाळ केली काय रे, तानबा?" गुरुजींनी विचारलं.

आता सगळेच हसले. हसू थांबल्यावर मी म्हणाले, "रंग मी ओतला होता. नालीत टाकलेलं सगळं पाऊस आपल्याच घड्यात आणून घालतो."

ओटा बांधला, नाली वळवली, दारोदार सांडपाण्याचे खड्डे झाले. नत्थूही वाचला. गावात येईपर्यंत सीताबाईंना सगळं कळलं होतं, पण छकड्यातून उतरताना त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुले पह्यल्याच दिवशी मालूम होतं ना? मंग काऊन नाई बोलली?"

मी नत्थूला उचलून घरात नेलं.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पाणी कुठून आलं ते बघा. आणि ते तुमच्याच दारातून आलं असेल, तर त्याच दिवशी बोला.