फौजदाराची हद्दपारी

हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सहा मासे होते, आणि त्यातले पाच एका कोपऱ्यात राहत. उरलेली टाकी सहाव्याची. हा जाड ओठांचा ट्रिगर मासा, घरात त्याला फौजदार म्हणत. दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडणं हा त्याचा फावल्या वेळचा छंद, आणि त्याला फावला वेळच फार.

"रविवारी माशांचा दुकानदार याला घेऊन जाईल," भाच्याने जाहीर केलं. "घरात शांतता हवी."

आत्याने पेपर खाली घेतला. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली, तेव्हापासून हे शांततेचं वाक्य तिने बरेचदा ऐकलं होतं. बहुतेक वेळा बंद दाराआडून.

"तो कुठेही जाणार नाही."

"अहो आत्या, सगळ्यांना फाडून खातो तो," भाचेसून म्हणाली.

"खाणारच! तुम्ही दर वेळी एकच नवा मासा सोडता, तोही बुजलेला. अख्खं घर याच्या ताब्यात. हा काय त्याला पायघड्या घालणार आहे?"

"मग करायचं काय?"

"घर मोडायचं."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. आत्याचं वय झालं, असं ते पाहणं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर आत्याने बाह्या सरसावल्या. फौजदाराला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात कोंडलं आणि डबा टाकीतच टांगला. पकडताना तो तिच्या बोटाला कडकडून चावला. त्यावर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही. मग तिने एकूण एक खडक हलवला. गुहा होती तिथे मैदान केलं, मैदानात कपारी रचल्या. रविवारपर्यंत फौजदार डब्यातून डोळे वटारत राहिला आणि पाचही मासे आपापली जागा धरून बसले.

रविवारी दुकानदार जाळी आणि पाण्याची पिशवी घेऊन हजर. आत्याने त्याच्यासमोरच डबा उघडला.

फौजदार तीरासारखा आपल्या गुहेकडे सुटला. गुहा नव्हती. तो पिवळ्या माशावर धावून गेला. पिवळा जेमतेम वीतभर सरकला आणि कपारीतून बघत राहिला. एवढ्यात आत्याने टाकीच्या दोन्ही टोकांना कोळंबीचे तुकडे टाकले. मारावं की खावं, या पेचात फौजदार थोडा वेळ तरंगला. मग खायला गेला.

"आठवड्यात परत सुरू करेल," दुकानदार म्हणाला. "जात नाही हो यांची खोड."

"मग परत खडक हलवीन."

"आत्या, असं किती दिवस करणार?" भाचा वैतागला.

"मी आहे तोवर. आणि याला न्यायचंच असेल, तर माझ्या मापाचीही एक पिशवी आणायला सांग त्यांना. खोड माझीही जायची नाही."

भाचेसून खुदकन हसली आणि दुकानदाराला म्हणाली, "आलाच आहात तर आणखी दोन मासे देऊन जा. जोडीने सोडू."